भयाचे निदान आणि मायेचे औषध : ज्ञानेश्वरीतील सांत्वनाचे दृष्टांत व तीव्र चिंतेने ग्रासलेले मूल

सारांश :
श्रीकृष्ण हा आद्य समुपदेशक व अर्जुन हा त्याचा पहिला रुग्ण, असे समीकरण गेल्या काही दशकांत लेखांतून व चर्चासत्रांतून वारंवार मांडले गेले आहे. हे समीकरण ढोबळ आहे. त्यामुळे ज्ञानेश्वरीचेही नीट वाचन होत नाही आणि चिंताग्रस्त मुलाच्या प्रश्नालाही न्याय मिळत नाही. प्रस्तुत लेखात नेवासा येथे सिद्ध झालेल्या या ग्रंथातील भय व सांत्वन यांविषयीचे निवडक दृष्टांत तपासले आहेत. ‘श्यामची आई’ हे पुस्तक आणि ‘श्वास’ हा चित्रपट यांतील प्रसंगांशी त्यांची तुलना करून, भ्यालेल्या मुलाला आधार देण्याच्या प्रश्नावर हे वाङ्मय किती प्रकाश टाकते आणि कोठे थांबते, याचा शोध घेतला आहे.

बीजसंज्ञा : ज्ञानेश्वरी, नेवासा, अर्जुनविषाद, दृष्टांत, बालकांमधील चिंता, सांत्वन, टाळाटाळ.

१. प्रस्तावना

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासा हे प्रवरेच्या काठचे गाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ज्ञानेश्वरीमुळे अजरामर झाले. ग्रंथाच्या शेवटी मिळणाऱ्या नोंदीनुसार शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ही टीका पूर्ण झाली व सच्चिदानंदबाबा तिचे लेखक झाले. ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी हा ग्रंथ सांगितला अशी परंपरा आहे, तो ‘पैस’ खांब आजही येथे श्रद्धेने दाखविला जातो. भगवद्गीतेच्या सातशे श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्यांचा हा विस्तार आहे. तो केवळ अर्थाचा विस्तार नाही. मूळ संस्कृत श्लोकांत नसलेली दृष्टांतांची एक स्वतंत्र सृष्टी ज्ञानदेवांनी त्यात उभी केली आहे. तीत आई आणि तान्हे मूल, वैद्य आणि रोगी, गारुडी आणि सर्पदंश झालेला माणूस या जोड्या पुन्हा पुन्हा येतात.

या ग्रंथाची सुरुवात एका भेदरलेल्या माणसापासून होते. त्यामुळे मानसशास्त्राच्या अभ्यासकांना त्याचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. पहिल्या अध्यायात अर्जुनाच्या शरीराला कंप सुटतो, तोंड कोरडे पडते, अंगावर रोमांच उभे राहतात, त्वचेचा दाह होतो, हातातले गांडीव गळते, उभे राहवत नाही आणि मन भ्रमते. तीव्र चिंतेच्या झटक्याची जी शारीरिक लक्षणे आजचे वैद्यक सांगते, त्यांतील बरीचशी या वर्णनात आढळतात. येथवर कोणाचे दुमत नसावे. प्रश्न त्यापुढचा आहे. लक्षणांच्या या साम्यावरून संपूर्ण गीतेला समुपदेशनाची पाठ्यपुस्तिका ठरविता येईल काय? आणि तसे ठरविल्याने, शाळेच्या फाटकाशी रोज सकाळी रडून वांती करणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाच्या हाती काय लागेल?

२. प्रचलित समीकरणाच्या मर्यादा

कृष्ण म्हणजे समुपदेशक या मांडणीत तीन दोष संभवतात. पहिला दोष वयाचा आहे. अर्जुन प्रौढ आहे, नामांकित योद्धा आहे. मूल हे लहान आकाराचे प्रौढ नसते. आपल्या भीतीला नाव देण्याइतकी भाषा त्याच्याजवळ अनेकदा नसते. पोटदुखी, डोकेदुखी, चिडचिड, हट्ट, झोपेत दचकणे या रूपांनी ती भीती बोलते. अर्जुन आपली बाजू तर्कशुद्ध रीतीने मांडतो. चिंताग्रस्त मूल बहुधा ती मांडू शकत नाही.

दुसरा दोष प्रश्नाच्या स्वरूपाविषयी आहे. अर्जुनाची व्यथा नैतिक आहे. आप्तांचा वध करावा की करू नये हा पेच खरा आहे, कल्पित नाही. चिंताविकृतीत मात्र धोक्याचे मान आणि भीतीचे मान यांचा मेळ बसत नाही. वर्गात उभे राहून कविता म्हणणे व रणांगणावर गुरुजनांवर शस्त्र धरणे या दोन गोष्टी एका तागडीत घालणे हा दोघांवरही अन्याय आहे.

तिसरा दोष वाङ्मयीन आहे आणि प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा आहे. ही मांडणी बहुतेक वेळा गीतेच्या तत्त्वज्ञानाचा गोषवारा देते व त्याला मानसशास्त्रातील संज्ञांची लेबले लावते. ज्ञानेश्वरीचे नाव घेतले जाते, पण ज्ञानदेवांनी स्वतः जे घातले त्याकडे पाहिले जात नाही. वस्तुतः भ्यालेल्या जीवाला कसे सावरावे याविषयी ज्ञानदेवांना जे सांगावयाचे आहे, ते सिद्धांतापेक्षा दृष्टांतांत अधिक आहे. म्हणून समीकरण बाजूला ठेवून दृष्टांत वाचणे हा मार्ग अधिक फलदायी ठरतो.

३. भित्रेपणाचा शिक्का नाकारणारा भ्रमर

अर्जुनाची दशा पाहून ज्ञानदेव त्याला भ्याड म्हणत नाहीत. ज्याने युद्धात प्रत्यक्ष शंकराला तोंड दिले, निवातकवचांचा निःपात केला, तो एका क्षणात मोहाने वेढला गेला, याचे त्यांना आश्चर्य वाटते. त्या आश्चर्यापाठोपाठ भ्रमराचा सुप्रसिद्ध दृष्टांत येतो. कोरडे, कठीण लाकूड सहज पोखरणारा भुंगा कोवळ्या कमळकळीत अडकतो. तो प्राण देईल, पण पाकळी चिरणार नाही. स्नेह असा कोवळेपणानेच कठीण असतो, असे ज्ञानदेव सुचवितात.

या दृष्टांताचे महत्त्व असे की, तो भयाचे मूळ दुर्बलतेत शोधत नाही, जिव्हाळ्यात शोधतो. मुलांच्या चिंतेच्या संदर्भात हे निरीक्षण विशेष अर्थपूर्ण ठरते. ब्रिटिश मनोविश्लेषक जॉन बोल्बी यांनी १९६९ ते १९८० या काळात तीन खंडांत मांडलेल्या अनुबंध सिद्धांताचा गाभा हाच आहे. मूल ज्याला बिलगते, तो दुरावेल या शंकेने ते व्याकूळ होते. आणि ज्याच्याकडे खात्रीने परतता येईल असा आधार मिळाला, म्हणजेच ते जगात पुढे पाऊल टाकते. ऊसतोडणीच्या हंगामात आईवडील दूर गेलेले आणि आजीआजोबांजवळ राहिलेले मूल वर्गात गप्प बसू लागले, तर त्याला ‘घाबरट’ म्हणण्यापूर्वी शिक्षकाने हा भुंगा आठवावा. शिक्का मारणे सोपे असते. पण शिक्क्याने कारण झाकले जाते आणि मूल त्या शिक्क्याप्रमाणे स्वतःकडे पाहू लागते.

४. फसलेला पहिला उपदेश आणि त्यानंतरचा विराम

दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी श्रीकृष्ण अर्जुनाची कानउघाडणी करतात. हे तुला शोभते काय, तुझी कीर्ती काय, तू कोण, अशा स्वरूपाचे ते बोलणे आहे. भ्यालेल्या मुलासमोर उभा राहिलेला जवळजवळ प्रत्येक प्रौढ प्रथम हेच बोलतो. ‘एवढा मोठा झालास, रडतोस काय?’ ‘तुझा भाऊ बघ कसा एकटा जातो.’ संहितेतील क्रम मात्र लक्षात घेण्यासारखा आहे. या उपदेशाने अर्जुन सावरत नाही. तो आपले म्हणणे पुन्हा मांडतो, आपण गोंधळलो आहोत अशी कबुली देतो, शरण येतो आणि तरीही लढणार नाही असे सांगून गप्प होतो. पराक्रमाची आठवण व लोकनिंदेचा धाक यांचा उपयोग झालेला नाही, हे ग्रंथ स्वतःच दाखवितो.

यानंतर मूळ गीतेत श्रीकृष्ण जणू हसत बोलू लागतात एवढाच उल्लेख आहे. ज्ञानदेव मात्र या ठिकाणी थांबतात आणि श्रीकृष्णालाही थांबवितात. दोन सैन्यांच्या मध्ये उभा असलेला श्रीअनंत मनाशी विचार करतो : याला आता कोणत्या प्रकारे उमज पडेल, कशाने हा धीर धरील? या विचाराला ज्ञानदेव दोन उपमा देतात. पंचाक्षरी मांत्रिक जसा बाधेचा अदमास घेतो आणि वैद्य जसा असाध्य व्याधी पाहून निर्वाणीच्या दिव्य औषधाची योजना करतो, तसा हा विचार आहे.

ज्ञानेश्वरीतील सांत्वनाचे मर्म या विरामात आहे असे म्हणता येईल. उपदेश फसल्यावर तोच उपदेश अधिक मोठ्या आवाजात सांगितला जात नाही. समोरच्याला काय झाले आहे याचे निदान आधी होते आणि शब्द नंतर येतात. ‘त्याला समजत नाही’ या तक्रारीची जागा ‘त्याला कशाने समजेल’ हा प्रश्न घेतो. शिक्षकी पेशात या दोन वाक्यांमधील अंतर फार मोठे आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पंचाक्षरी व वैद्य या दोन्ही उपमा तेराव्या शतकातील लोकव्यवहारातून आल्या आहेत. आजही भ्यालेल्या मुलाची दृष्ट काढणे, त्याला बाहेरचे झाले असे समजून मांत्रिकाकडे नेणे हे प्रकार समाजात आढळतात. ज्ञानदेवांच्या उपमेचा आधार घेऊन त्यांचे समर्थन करणे म्हणजे उपमेचा साधारण धर्म विसरणे होय. येथे साधारण धर्म अदमास घेणे हा आहे, मंत्र घालणे हा नव्हे. दृष्टांत कोठपर्यंत न्यावा याचे भान सुटले की, समीक्षा आणि समाज दोघांचीही हानी होते.

५. कडू औषध आणि रोग्याची तक्रार

विचाराअंती श्रीकृष्ण जे बोलू लागतात ते वरवर रागाचे आहे. त्याला ज्ञानदेवांनी दोन उपमा दिल्या आहेत : आईच्या रागात दडलेला स्नेह आणि औषधाच्या कडवटपणात दडलेले अमृत. या उपमा लोकप्रिय आहेत आणि त्यांचा दुरुपयोगही तितकाच सोपा आहे. ‘छडी लागे छमछम’च्या परंपरेतील कोणताही शिक्षक आपल्या कठोरपणाला याच ओव्यांचे प्रमाणपत्र लावू शकेल.

या दुरुपयोगाला उत्तर ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायातच आहे. तेथे रोगी बोलतो. आपल्याला दोन उलटसुलट गोष्टी सांगितल्या जात आहेत, पथ्य सांगणाऱ्या वैद्यानेच विष दिले तर रोग्याने जगावे कसे, अशी तक्रार अर्जुन करतो. आपण जड बुद्धीचे आहोत, तेव्हा आपल्याला कळेल असे सरळ बोलावे, अशी विनवणी करतो. औषध रोग हरणारे असावे, पण ते रुचेल असे गोडही असावे, अशी त्याची मागणी आहे. आईच्या दुधाला जशी अवेळ नसते, तशी आपल्या विचारण्यालाही नसावी, अशी सलगी तो दाखवितो. या तक्रारीबद्दल त्याला शिक्षा होत नाही. त्याचे म्हणणे ऐकले जाते आणि संवाद पुढे आणखी पंधरा अध्याय चालतो.

दुसऱ्या अध्यायातील कडू औषध तिसऱ्या अध्यायातील या तक्रारीशिवाय वाचणे हे अर्धे वाचन होय. औषध देणाऱ्याचा हेतू शुद्ध आहे एवढ्याने ते योग्य ठरत नाही. घेणाऱ्याला ते सोसते काय, हे विचारावे लागते आणि त्याचे उत्तर ऐकावे लागते.

६. तुलना : विहिरीच्या काठावरचा श्याम

या संदर्भात ‘श्यामची आई’मधील पोहण्याचा प्रसंग तपासण्याजोगा आहे. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलेले हे पुस्तक १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. पाण्याला भिणारा श्याम पोहायला जाण्याचे टाळण्यासाठी घरात लपून बसतो. आई त्याला बाहेर काढते, शिंपटीने मारते आणि विहिरीवर जायला लावते. पुढे अंगावरचे वळ पाहून तिच्या डोळ्यांत पाणी येते. आपल्या मुलाला लोकांनी भित्रा म्हणू नये यासाठी आपण कठोर झालो, असा तिचा खुलासा आहे.

पिढ्यान्‌पिढ्या हा प्रसंग आईच्या वज्राहून कठोर व फुलाहून मृदू स्वभावाचा नमुना म्हणून शिकविला गेला. आईच्या रागात दडलेला स्नेह या ज्ञानेश्वरीतील उपमेचे जणू ते कथारूपच आहे. परंतु चिकित्सक वाचकाने दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. पहिली गोष्ट अशी की, भीतीची वस्तू टाळू न देणे हा आईच्या कृतीचा गाभा आजच्या उपचारशास्त्राशीही जुळतो. टाळल्याने तात्पुरते सुटल्यासारखे वाटते आणि त्या सुटकेच्या गोडीनेच भीती वाढते. शिवाय विहिरीवर श्याम एकटा नव्हता. पोहणारी माणसे त्याच्यासोबत होती. दुसरी गोष्ट अशी की, शिंपटी हा त्या उपचाराचा भाग नव्हे. पाण्याच्या भीतीत माराच्या भीतीची भर पडली, एवढेच तिच्याविषयी म्हणता येईल. श्याम तरला तो शिंपटीमुळे की सोबतीमुळे, हा प्रश्न पुस्तकाच्या अध्यापनात फारसा विचारला गेलेला नाही.

येथे कथनाच्या रचनेकडेही लक्ष वेधावे लागते. ही आठवण मोठा झालेला श्याम आपल्या मित्रांना सांगतो आहे. आईवरील त्याची कृतज्ञता ही अनेक वर्षांनंतरची आहे. त्या दिवशी लपून बसलेल्या मुलाच्या मनात काय चालले होते, हे प्रौढ निवेदकाच्या भक्तिभावातून गाळून वाचकांपर्यंत येते. ज्यांना तशी विहीर सोसली नाही, ती मुले पुढे आठवणी सांगायला बसत नाहीत. म्हणून या प्रसंगाला सार्वत्रिक नियमाचे रूप देणे धोक्याचे आहे.

७. विश्वरूपाचे भय : रूप मागे घेतले, रथ नव्हे

अकराव्या अध्यायात भयाचा दुसरा प्रसंग येतो. अर्जुन स्वतःच विश्वरूप पाहण्याची इच्छा करतो आणि ते दिसताच हादरून जातो. ओळखीचा सखा त्या अफाट दर्शनात हरवतो. पूर्वीचे सौम्य रूप पुन्हा दाखवावे, अशी तो याचना करतो. श्रीकृष्ण ती मान्य करतात. भ्यालेल्याला आश्वासन दिले, असे गीताच सांगते. ज्ञानेश्वरीत या ठिकाणी पुन्हा माय-लेकराचा दृष्टांत येतो : वाट चुकलेल्या लेकराची समजूत घालून आईने त्याला पाजावे, तसे आपल्याला झाले, अशा आशयाचे उद्गार अर्जुन काढतो. त्याची पांगलेली बुद्धी व इंद्रिये ठिकाणावर येतात.

या प्रसंगावर एक आक्षेप घेता येईल. भीती वाटताच भीतीची वस्तू दूर करणे ही टाळाटाळच नव्हे काय? विहिरीच्या प्रसंगात जे चूक म्हटले, ते येथे बरोबर कसे? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर संहितेच्या रचनेत सापडते. श्रीकृष्णांनी रूप मागे घेतले. रथ मागे घेतला नाही. अर्जुनाच्याच सांगण्यावरून पहिल्या अध्यायात दोन सैन्यांच्या मध्ये उभा केलेला रथ अठराव्या अध्यायापर्यंत तेथेच आहे. जे एका दमात सोसवत नव्हते ते कमी केले, परंतु जेथे उभे राहावयाचे ते स्थान सोडू दिले नाही. सोबत करणारा सारथीही क्षणभर खाली उतरला नाही.

मुलांच्या चिंतेवरील आजच्या उपचारपद्धतीतील कळीचा भेद नेमका हाच आहे. संज्ञानात्मक वर्तन उपचारपद्धतीत भीतीच्या प्रसंगांची पायरीपायरीने उतरंड रचली जाते. शाळेला भिणारे मूल पहिल्या दिवशी फाटकापर्यंत, मग ओळखीच्या शिक्षकासोबत व्हरांड्यापर्यंत, मग एका तासापुरते वर्गात असे पुढे सरकते. पायरी लहान करता येते, जिना सोडता येत नाही. अमेरिकेत ७ ते १७ वयोगटातील ४८८ मुलांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १२ आठवड्यांनंतर ही उपचारपद्धती घेतलेल्या सुमारे ६० टक्के मुलांत लक्षणीय सुधारणा दिसली. उपचारासोबत औषध दिलेल्या गटात हे प्रमाण सुमारे ८१ टक्के, तर केवळ निष्क्रिय गोळी दिलेल्या गटात सुमारे २४ टक्के होते. येल विद्यापीठातील एली लेबोविट्झ यांनी विकसित केलेल्या पद्धतीत तर उपचार मुलावर नव्हे, आईवडिलांवर केंद्रित असतात. मुलाच्या भीतीला शरण जाऊन घराचे वेळापत्रक बदलणे पालकांनी हळूहळू थांबवावे, मात्र त्याच वेळी ‘तुला भीती वाटते हे आम्हाला कळते आणि ती तू सोसू शकशील असा आमचा विश्वास आहे’ हे मुलाला सतत सांगावे, असे तिचे सूत्र आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात ही पद्धती मुलावरील थेट उपचाराच्या तोडीची ठरली. भीती मान्य करणे आणि भीतीची आज्ञा मान्य करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

८. ‘श्वास’ : सत्य सांगण्याचा प्रश्न

‘श्यामची आई’वरील आचार्य अत्रे यांच्या चित्रपटाला १९५४ मध्ये पहिल्या राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णपदक मिळाले. त्यानंतर मराठी चित्रपटाला हा सर्वोच्च मान मिळण्यास अर्धशतक जावे लागले. तो २००३ सालासाठी संदीप सावंत दिग्दर्शित ‘श्वास’ला मिळाला. माधवी घारपुरे यांच्या कथेवर आधारलेल्या या चित्रपटाचा विषयही एका भेदरलेल्या मुलाला आधार देण्याचाच असावा, हा योगायोग बोलका आहे. कोकणातील एका लहान मुलाला डोळ्यांचा कर्करोग होतो. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. शस्त्रक्रियेपूर्वी मुलाला हे सांगितलेच पाहिजे, असा डॉक्टरांचा आग्रह असतो आणि आजोबांच्या तोंडून ते शब्द निघत नाहीत.

या चित्रपटात भीती काल्पनिक नाही. म्हणून ‘काही होणार नाही’ हे नेहमीचे सांत्वन येथे खोटे ठरते. प्रौढांच्या कुजबुजीतून मुलाला काहीतरी भयंकर घडणार असल्याचा वास येतो आणि न सांगितलेल्या गोष्टीची भीती सांगितलेल्या गोष्टीपेक्षा मोठी होते. अखेर आजोबा रुग्णालयाचा नियम मोडून नातवाला बाहेर नेतात आणि डोळे आहेत तोवर त्याला जग दाखवितात. या कृतीत रुग्णालयाच्या शिस्तीचा भंग आहे, डॉक्टरांची अडचण आहे आणि चित्रपट ती लपवीत नाही. तथापि सत्य सांगून झाल्यावर ते सोसण्यासाठी मुलाला काहीतरी द्यावे लागते, ही आजोबांची जाण उपचारशास्त्राला पूरक आहे. विश्वरूपाच्या प्रसंगाशी येथे साम्य दिसते. भयंकर ते नाहीसे करता येत नाही. ओळखीचा हात मात्र देता येतो.

९. ताटीबाहेरचा आवाज

ज्ञानदेवांचे स्वतःचे बालपण या विवेचनात अनुल्लेखित ठेवता येत नाही. संन्याशाची मुले म्हणून निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान व मुक्ताई या भावंडांना वाळीत टाकण्यात आले आणि आईवडिलांनी प्रायश्चित्त म्हणून देहत्याग केला, असे परंपरा सांगते. ज्ञानदेवांचा जन्म शके ११९३ किंवा ११९७ मधला मानला जातो. म्हणजे नेवाशाला ग्रंथ सिद्ध झाला तेव्हा त्यांचे वय १९ किंवा १५ होते. ज्ञानेश्वरीतील माय-लेकराच्या दृष्टांतांचा उगम या पोरकेपणात शोधण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा, कारण चरित्राची साधने बहुतांशी परंपरेची आहेत आणि दृष्टांतावरून कवीच्या मनाचे निदान करणे हे समीक्षेचे काम नव्हे.

ताटीच्या अभंगांची परंपरा मात्र सांत्वनाचा एक स्वतंत्र नमुना म्हणून पाहता येते. लोकांच्या अपमानाने व्यथित होऊन ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून बसले आणि धाकट्या मुक्ताईने बाहेरून त्यांची समजूत घातली, असा या अभंगांचा प्रसंग सांगितला जातो. येथे लहान बहीण मोठ्या भावाची माय होते. ती ताटी तोडत नाही, ओरडत नाही, निघूनही जात नाही. दार आतून उघडले जावे यासाठी ती बाहेर थांबून बोलत राहते. खोलीचे दार लावून बसलेल्या किशोरवयीन मुलाच्या घरात या तीनही नकारांची गरज भासते.

१०. वाङ्मयाची मर्यादा आणि शिक्षकाची जबाबदारी

येथवरच्या विवेचनावरून ग्रंथवाचन हा उपचाराचा पर्याय आहे, असा अर्थ कोणी काढू नये. चिंता जेव्हा मुलाची झोप, भूक, शाळा आणि मैत्री हिरावून घेते व आठवडेच्या आठवडे हटत नाही, तेव्हा बालरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ यांच्याकडे जाणे अगत्याचे असते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशी सेवा मिळणे हा नागरिकाचा हक्क मानला आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर भारतीय भाषांत विनामूल्य सल्ला मिळतो. तालुक्याच्या गावात तज्ज्ञ सहज मिळत नाही, ही अडचण खरी आहे. परंतु त्या अडचणीचे उत्तर पारायण हे नव्हे, तसेच धाकही नव्हे.

वाङ्मयाचे काम वेगळे आहे. उपचारपद्धती काय करावे ते सांगते. वाङ्मय ते कोणत्या स्वरात करावे हे शिकविते. ‘पायरीपायरीने सामोरे जाणे’ हे तंत्र कोरड्या आवाजात वापरले तर ते मुलाला शिक्षेसारखे वाटते. त्यामागे ‘याला कशाने धीर येईल’ हा ज्ञानदेवांचा प्रश्न असला, म्हणजे तेच तंत्र आधार होते. अध्यापक महाविद्यालयांतून व मराठी विभागांतून हे उतारे शिकविताना केवळ अलंकार दाखवून न थांबता हा प्रश्न वर्गात उपस्थित केला गेला, तर भाषेचा आणि मानसशास्त्राचा अभ्यास एकमेकांना खऱ्या अर्थाने भेटतील.

११. निष्कर्ष

१) कृष्ण म्हणजे समुपदेशक हे समीकरण वय, प्रश्नाचे स्वरूप आणि संहितेचे वाचन या तीनही अंगांनी अपुरे आहे. ज्ञानदेवांचे या विषयातील योगदान त्यांनी स्वतंत्रपणे योजिलेल्या दृष्टांतांत आहे.

२) भ्रमराचा दृष्टांत भयाला भ्याडपणापासून वेगळे करतो. पहिल्या उपदेशाचे अपयश आणि त्यानंतरचा विराम निदानाचे महत्त्व दाखवितो.

३) कडू औषधाची उपमा तिसऱ्या अध्यायातील रोग्याच्या तक्रारीसह वाचली पाहिजे. तशी वाचल्यास कठोरपणाच्या समर्थनासाठी तिचा वापर करता येत नाही. ‘श्यामची आई’तील विहिरीचा प्रसंगही याच कसोटीवर पुन्हा वाचावा लागतो.

४) विश्वरूपाच्या प्रसंगात भयाचे प्रमाण कमी केले जाते, पण स्थान सोडले जात नाही. मुलांच्या चिंतेवरील आधुनिक उपचारांशी ज्ञानेश्वरीचे खरे साम्य या एका जागी आहे.

५) ‘श्वास’ हा चित्रपट सत्य सांगण्याची आणि ते सोसण्यास सोबत देण्याची जबाबदारी एकत्र मांडतो.

अठराव्या अध्यायात सर्व सांगून झाल्यावर अर्जुनाला सांगितले जाते की, याचा पूर्ण विचार कर आणि मग इच्छेस येईल तसे कर. भ्यालेल्याला सावरण्याचे कार्य त्याच्या वतीने निर्णय घेऊन पुरे होत नाही. निर्णय घेण्याचे बळ त्याला परत मिळाले म्हणजे ते पुरे होते. मुलाच्या बाबतीत हे बळ वयाच्या मानाने थोडे असेल. पण फाटकापासून वर्गापर्यंतची ती काही पावले त्याने स्वतः टाकलेली असली पाहिजेत.